अडीच पानांचं शिफारसपत्र

संपादकांचं पत्र आलं, ‘बालशिक्षणातील आनंददायी अनुभव’ या विषयावर दिवाळी अंकासाठी लिहा. मी ते दोनदा वाचलं. आनंददायी म्हणे. हा शब्द ज्यांना सुचला त्यांनी एकदा जूनच्या पहिल्या सोमवारी सोलापूरच्या भवानी पेठेतल्या आमच्या बालवाडीत यावं. एका खोलीत तीस पोरं. त्यातली अकरा रडतायत, एकाने शेजारच्याच्या डोक्यात पाटी घातलीय, एक जण खिडकीच्या गजात पाय अडकवून बसलाय आणि एकीने आत्ताच माझ्या पदराला नाक पुसलंय. आनंद व्हायला तिथे जागा उरत नाही.

तेव्हा बालशिक्षणावर मी लिहिणार नाही. या नोकरीत असं एक काम असतं की ज्याबद्दल कुणीच बोलत नाही, त्याबद्दल लिहिते. ते म्हणजे शिफारसपत्रं लिहिणं. माझं वय सत्तावीस, नोकरीला पाच वर्षं झाली. एवढ्यात आठवणी लिहायला बसणं आगाऊपणाच आहे. पण निवृत्त होईपर्यंत थांबले तर तोवर मी शहाणी होईन आणि खरं सांगणार नाही.

बाहेरच्या लोकांना आधी हा प्रकार समजावून सांगायला हवा. आमच्या गावात काही खासगी प्राथमिक शाळा आहेत. त्यांतली एक फार नावाजलेली. तिचं नाव मी घेत नाही, कारण घेतलं तर तिची जाहिरात ह्या अंकाला पुढच्या वर्षी मिळणार नाही, आणि मग संपादक माझा लेख कशाला छापतील? तर ह्या शाळेत पहिलीच्या प्रवेशाला पूर्वी नगरसेवकाची चिठ्ठी चालायची, डॉक्टरांची चालायची, गिरणीतल्या साहेबाची तर धावायची. पुढे एका वर्षी एकाच नगरसेवकाने एकाच जागेसाठी चार जणांना चिठ्ठ्या दिल्या. चारही बाप एकाच दिवशी शाळेत हजर झाले आणि कचेरीतली खुर्ची मोडली. त्यानंतर शाळेने सुधारणा केली. पुढाऱ्यांच्या चिठ्ठ्या बंद. मूल ज्या बालवाडीतून येतं तिथल्या बाईंचं पत्र आणायचं, बंद पाकिटात, पाकिटाच्या तोंडावर बाईंची आडवी सही. आईबापांनी ते उघडायचं नाही.

सगळे उघडायचे. चहाच्या किटलीची वाफ कशासाठी असते? एका आईने तर येऊन माझ्याशी भांडण काढलं.

“बाई, तुमी माज्या पोराला ‘मध्यम’ का लिवलं?”

“पाकीट बंद होतं ना, हो?”

“व्हय की, बंदच हाय. पर मध्यम का लिवलं?”

पत्रासोबत शाळेचा एक छापील कागद असे. त्यावर प्रश्न असत. मूल एका जागी बसतं का? आपलं नाव ओळखतं का? लघवीला जायचं सांगतं का? हात, नखं स्वच्छ असतात का? घरचं वातावरण कसं आहे? ह्या शेवटच्या प्रश्नावर मी कायम चिडायचे. आजही चिडते. घरचं वातावरण मला काय विचारता? वेधशाळेला विचारा.

एप्रिल आला की आम्हा बालवाडीच्या बायांचा भाव एकदम वधारायचा. एरवी जे मला ‘ओ बाई’ म्हणून हाक मारत ते ‘मॅडम’ म्हणायला लागत. आंब्याच्या पाट्या येत, पेढ्यांचे पुडे येत, आणि सोलापूरच असल्यामुळे चादरी तर येतच येत. बालवाडीच्या मुख्य कमळाकाकू. वीस वर्षं तिथेच काढलेल्या, नऊवारी नेसणाऱ्या, आवाज गिरणीच्या भोंग्यासारखा. त्यांचा नियम होता, खायचं असेल ते पोरांना वाटायचं आणि कापड असेल ते त्याच पावली परत. त्यामुळे एप्रिलभर आमची पोरं पेढे खाऊन खाऊन आजारी पडायची.

एकेक गिऱ्हाईक असं की विचारू नका. एक धान्याचे व्यापारी होते, अप्पा म्हणत त्यांना. अक्कलकोटकडचे. मीही तिकडचीच, माझ्या घरी कानडीच बोलतात, हे त्यांना कुठून तरी कळलं. आले ते थेट माझ्या खुर्चीवरच बसले. नातवाचं पत्र मी त्यांच्यासमोर लिहायला घेतलं. “अक्का, बरीरी, बरीरी,” म्हणजे लिहा, लिहा. मी ‘हुशार’ लिहिलं. अप्पांनी वाकून बघितलं.

“हुशार एवढंच? त्याला आधी काही नाही?”

“काय हवं आधी?”

“अत्यंत. गिरणीवाल्याच्या पोराला तुम्ही अत्यंत लिहिलंय, मला ठाऊक आहे.”

“अप्पा, तो चार वर्षांचा असल्यापासून शंभरपर्यंत मोजतो.”

“आमचा मोजत नाही, पण तुरीची डाळ चण्याच्या डाळीत मिसळली की वेगळी करतो. मग? अत्यंत कुणाला लिहायचं?”

मी ‘अत्यंत’ लिहिलं. आज वाटतं, तुरीच्या डाळीचं लिहायला हवं होतं. पण तेव्हा मला एवढी अक्कल नव्हती.

माझी तेव्हाची अक्कल निराळ्याच कामाला लागलेली होती. कॉलेजात असल्यापासून मी पत्रकं काढायचे. महागाई, रेशन, विडी कामगार, वसतिगृहातलं पाणी, विषयाला तोटा नव्हता. एका छापखान्यामागच्या खोलीत आमचा सायक्लोस्टाईल होता. स्टेन्सिल कापायची, रुळाला शाई लावायची, हँडल फिरवायचं, आणि शेकडो कागद काळे होऊन बाहेर पडायचे. ‘बंधूंनो आणि भगिनींनो’पासून सुरू करून ‘जाब विचारा!’पर्यंत एका दमात लिहायची मला सवय. कुणी साधं खुशालीचं पत्र मागितलं तरी मी त्यात एक मागणी घालायचे.

बहात्तरच्या दुष्काळाच्या वर्षी मी बालवाडीत लागले. पहिल्या एप्रिलात काकूंनी निम्म्या मुलांची पत्रं माझ्याकडे सोपवली. मी विचार केला, सगळी मुलं समान आहेत की नाहीत? आहेत. मग पत्रं निरनिराळी का? मी एकच पत्र लिहिलं, ‘हे मूल शिकण्यास सर्वार्थाने पात्र आहे’, नावाची जागा मोकळी सोडली आणि सायक्लोस्टाईलवर प्रती काढल्या. सही करून करून हात दुखला. चार दिवसांनी शाळेच्या शिपायाने सगळा गठ्ठा परत आणून टेबलावर टाकला. वर चिठ्ठी होती, ‘कृपया मुलांविषयी लिहावे.’

काकूंनी दोन दिवस बसून सगळी पत्रं हाताने परत लिहिली. मला रागावल्या नाहीत. एवढंच म्हणाल्या, “अगं, शाळेला तुझं मत नको असतं. विशेषणं पण नको असतात. पोर काय करतं ते लिहायचं. बघायचं आणि लिहायचं.”

मला वाटलं, म्हातारी घाबरते त्या शाळेच्या संस्थेला.

दुसऱ्या एप्रिलात काकू लेकीच्या बाळंतपणाला मोडनिंबला गेल्या. सगळी पत्रं माझ्यावर आली. त्यात पद्माचं होतं.

पद्मा ही नरसम्माची मुलगी. नरसम्मा आमच्या मागच्या गल्लीत राहायची. नवरा यंत्रमागावर, ती घरी विड्या वळायची, सासूही वळायची. घरात तेलुगू, बाहेर मराठी. पद्मा सहाला टेकलेली, केसांना खोबरेल थापलेलं, बोलायला कमी. बालवाडीत ती कोपऱ्यात बसायची आणि त्रास द्यायची नाही. त्रास न देणाऱ्या पोरांकडे आमच्यासारख्यांचं लक्ष जात नाही, हे मी आता लिहिते आहे, तेव्हा माझ्या ध्यानीही नव्हतं.

नरसम्मा पत्र मागायला आली ती रिकाम्या हाताने आली. मला ते आवडलं. म्हणाली, “बाई, पोरीला त्या मोठ्या शाळंत घालायचं हाय.”

“का हो? मुन्शीपालटीची शाळा कोपऱ्यावर आहे की. तेलुगूत शिकवतात, तिला सोपं जाईल.”

“सोपं जाईल, व्हय. पर ती अर्ध्या दिसाची हाय. सकाळी सातला जायचं, बाराच्या आत घरी. मग उरलेला दिस?” तिने मांडीवर विड्या वळायचं सूप धरल्यासारखे हात केले. “माझी सासू वाटच बघतेय. अर्धा दिस घरात गावली की पोरगी सुपावर बसली. एकदा बसली की उठत न्हाय, बाई. मी बसले ती अजून उठले न्हाय. त्या मोठ्या शाळंत पाच वाजेस्तवर ठिवून घेत्यात. तेवढंच पायजे मला. इंग्रजी न्हाय शिकवलं तरी चालंल.”

एवढी स्पष्ट मागणी मी कुठल्या मोर्चातसुद्धा ऐकली नव्हती. एक पोरगी आणि रोजची तिची दुपार. मला केवढा जोर चढला! त्या संध्याकाळी मी पत्र लिहायला बसले. शाळेचा छापील कागद बाजूला सारला, कारण त्यावर तो घरच्या वातावरणाचा प्रश्न होता. कोरे कागद घेतले आणि कार्बन घालून लिहीत सुटले. अडीच पानं झाली.

त्यातली काही वाक्यं मला पाठ आहेत. ‘ज्यांच्या घामावर ह्या शहराची श्रीमंती उभी आहे त्यांच्या मुलींसाठी आपल्या शाळेचे दरवाजे किती काळ बंद राहणार आहेत?’ ‘आजवर आपल्या शाळेत विडी कामगारांची किती मुले शिकली याचा हिशेब आपण देणार काय?’ ‘कु. पद्मा हिला प्रवेश देणे हे उपकार नसून आपले कर्तव्य आहे, याची नोंद घ्यावी.’ खाली सही, तीही मोठी. पाकीट बंद करताना मला वाटलं, नोकरीला लागल्यापासून प्रथमच मी काहीतरी काम केलं.

मे महिन्यात शाळेच्या फाटकावर यादी लागली. पद्माचं नाव नव्हतं.

खोटं कशाला लिहू? मला वाईट वाटलं, पण त्याच्या आधी बरं वाटलं. म्हणजे बघा, मी म्हणतच होते! पुरावा मिळाला! आणीबाणी यायला अजून वर्ष होतं, पत्रक काढायला फक्त शाई आणि तोंड लागायचं. त्याच दिवशी स्टेन्सिल कापली. मथळा दिला, ‘विडी कामगाराच्या मुलीला शाळाबंदी!’ खाली पद्माचं नाव, आईचं नाव, गल्ली, सगळं. दुसऱ्या दिवशी शाळेच्या फाटकावर, विडीच्या कारखान्यापाशी आणि बाजारात आम्ही ते वाटलं. एक जण चणे घ्यायला थांबला तर त्याच्या पुडीला पण आमचंच पत्रक आलं. मी खूश.

तिसऱ्या दिवशी नरसम्मा बालवाडीत आली. सुट्टी होती, मी एकटीच कपाट आवरत होते. तिच्या हातात पत्रक होतं.

“हे तुमी काढलं?”

“हो. तुम्हाला कुणी वाचून दाखवलं का? त्यात सगळं लिहिलंय, शाळेने कसा अन्याय…”

“कारखान्यातल्या मुकादमानं दाखवलं. समद्या बायांच्या म्होरं. म्हनला, नरसम्मा, तुझी पोर लई मोठी झाली, पेपरात आली.” ती बसली नाही. “बाई, मी तुमच्याकडं पत्र मागितलं होतं. कागद न्हाय मागितला.”

“पण त्यांनी पद्माला घेतलं नाही हो! गप्प बसायचं का?”

“का न्हाय घेतलं? तुमी काय लिवलं होतं तिचं?”

कार्बनची प्रत कपाटातच होती. मी अभिमानाने काढली आणि वाचायला लागले. एक वाक्य वाचायचं, सोपं करून सांगायचं. घामाचं सांगितलं, दरवाज्यांचं सांगितलं. ती शांतपणे ऐकत होती. दुसरं पान संपत आलं तेव्हा तिने मला हाताने थांबवलं.

“हितवर पद्मा कुटं आली?”

“हे काय, हे नाव…”

“नाव आलं. पद्मा कुटं आली? ती कशी हाय, काय करते, ते कुटं हाय?”

मी तिसरं अर्धं पान पाहिलं. त्यातही नव्हतं. अडीच पानांत पोरीचं नाव दोनदा होतं आणि पोर एकदाही नव्हती. मला कानाखाली कुणी दिल्यासारखं झालं. दिली असती तर बरं झालं असतं.

“तुमी तुमचं भांडण लिवलं, बाई,” नरसम्मा म्हणाली. “माझ्या पोरीच्या पाकिटात घालून धाडलं.”

दुसऱ्या दिवशी मी शाळेत गेले. तिथल्या मुख्याध्यापिका, मोठ्या बाई म्हणत त्यांना, चष्मा नाकाच्या टोकावर, आवाज बर्फासारखा. मला वाटलं हाकलून देतील. त्यांनी बसायला सांगितलं आणि फाइलमधून माझी अडीच पानं काढली.

“तुमचं लिखाण वाचलं. भाषा चांगली आहे,” त्या म्हणाल्या. “तुम्ही हिशेब मागितलाय, तो देते. आजवर विडी कामगारांची तीन मुलं आमच्याकडे शिकली. तीन म्हणजे कमीच. लाज वाटावी इतकी कमी. पण ती तीन कशी आली माहीत आहे? तुमच्या कमळाबाईंच्या पत्रांवर.” मग त्यांनी त्या छापील कागदाची एक कोरी प्रत माझ्यापुढे ठेवली. त्यातल्या एकाही प्रश्नाचं उत्तर माझ्या अडीच पानांत नव्हतं. “मूल एका जागी बसतं का, ह्यात कुठला वर्गसंघर्ष आहे?”

मी म्हटलं, “घरचं वातावरण विचारता त्यात आहे.”

“तो प्रश्न मलाही आवडत नाही. संस्थेने घातलाय. तो गाळून बाकीचे लिहायचे होते.” त्यांनी फाइल मिटली. “वडलांची बदली झाली म्हणून एक मूल गेलंय. जागा आहे. शनिवारी संस्थेची बैठक आहे. त्याआधी मला त्या मुलीविषयी पत्र द्या. मुलीविषयी.”

दोन दिवस होते. आणि मला पद्माविषयी काय माहीत होतं? केसांना खोबरेल आणि कोपऱ्यात बसते, एवढंच. दहा महिने ती माझ्यासमोर होती.

मी दुपारी तिच्या घरी जाऊन बसले. एका खोलीत तीन सुपं. नरसम्माचं, सासूचं, आणि मधे एक लहान. पद्मा सुट्टीत तिथेच बसत होती. सासूने मला बघून तेलुगूत काहीतरी म्हटलं, ते चांगलं नव्हतं हे कळायला भाषा यावी लागत नाही. नरसम्मा विड्या वळत राहिली. मी भिंतीला टेकून बघत राहिले. पत्रकवालीला गप्प बसून बघणं किती अवघड असतं हे मला त्या दिवशी कळलं. तासाभरात मी तीनदा बोलायला तोंड उघडलं आणि तिन्ही वेळा नरसम्माने नुसतं बघून ते बंद केलं.

रात्री जे पत्र लिहिलं ते असं होतं:

‘पद्मा एका जागी बसते, गरजेपेक्षा जास्तच बसते. घरी तेलुगू बोलते, माझ्याशी मराठी. पंचवीस विड्यांचं बंडल बांधलेलं हातात घेतलं की न मोजता तिला कळतं की एक कमी आहे. मी मुद्दाम दोन बंडलांतून एकेक विडी काढून ठेवली. तिने दोन्ही बंडलं बाजूला काढली आणि माझ्याकडे संशयाने बघितलं. आपल्या नावातला ‘प’ तिला ओळखता येतो, पुढचं येत नाही. राग आला की रडत नाही, भिंतीकडे तोंड करून बसते आणि तशीच काम करते. नखं कापलेली असतात. हाताला तंबाखूचा वास येतो, तो साबणाने जात नाही, मी लावून पाहिला. तिला दुपारी घराबाहेर राहायला मिळायला हवं.’

शेवटचं वाक्य मागणीच होती. पण तेवढी मी ठेवली.

शनिवारी संध्याकाळी मोठ्या बाईंनी बोलावलं. पत्र त्यांच्या हातात होतं.

“हे आधी आलं असतं तर ही मुलगी मी यादीत पहिली घेतली असती,” त्या म्हणाल्या. “आता नाही होणार. बैठकीत तुमचं पत्रक फिरलं. तिचं नाव सगळ्यांना पाठ झालंय. अध्यक्ष म्हणाले, ही पोर घेतली तर आपण पत्रकाला घाबरलो असं गावभर होईल. मी भांडले. दोन तास भांडले.”

सहा वर्षांच्या पोरीला घाबरलो असं दिसू नये म्हणून मोठमोठी माणसं एका टेबलाभोवती बसली आणि त्यांनी तिला बाहेर ठेवलं! ह्याबद्दल मी मोठ्या बाईंना जे बोलले ते संपादक छापणार नाहीत. त्यांनी ऐकून घेतलं. मग चष्मा पुसला आणि म्हणाल्या, “सगळं खरं आहे. पण तिचं नाव त्यांच्या हातात कुणी दिलं?”

शाळा चुकली होती. संस्था तर चुकलीच होती, आजही मी हे कुठल्याही फाटकावर उभी राहून ओरडून सांगेन. पण नरसम्माला सांगायला संस्था जाणार नव्हती. मलाच जायचं होतं.

ती दारातच विड्या वळत होती. माझ्या तोंडाकडे बघून म्हणाली, “म्हंजे झालं न्हाय.”

“नाही.”

“तुमच्या कागदामुळं?”

“हो. आणि त्या संस्थेतल्या लोकांनी…”

“त्यांचं मला सांगू नगा. त्यांच्याकडं मी कवा गेलते? मी तुमच्याकडं आलते.” पान कापायची कात्री तिने खाली ठेवली. रडली नाही, आवाजही चढवला नाही. त्यानेच मी जास्त घाबरले. “आता ती मुन्शीपालटीच्या शाळंत जाईल. बाराला सुटंल. बारा ते पाच माझ्या पोरीचं तुमी घालवलं. ते तुमीच सांभाळायचं.”

“म्हणजे कसं?”

“ते मला काय म्हाइत? बाई तुमी हाय. शाळा उघडली की त्या सोमवारपासनं बाराला धाडते.” आणि तिने परत सूप मांडीवर घेतलं. माझी जायची वेळ झाली होती.

आमची बालवाडी साडेअकराला सुटे आणि खोलीला कुलूप लागे. दुपारी आमच्या मंडळींची छापखान्यामागे बैठक असायची, देशाचं काय करायचं हे आम्ही रोज तिथे ठरवायचो. काकू मोडनिंबहून परत आल्या तेव्हा मी त्यांना सगळं सांगितलं, काही न लपवता. त्यांनी कनवटीचा किल्ल्यांचा जुडगा काढला, त्यातली खोलीची किल्ली सोडवली आणि माझ्यापुढे ठेवली. “पगार मिळणार नाही हं ह्याचा,” एवढंच बोलल्या.

शाळा उघडल्या त्या सोमवारी बाराला पद्मा आली. पाटी घेऊन एकटीच. मी आणि ती, एवढी मोठी खोली. काय शिकवायचं मला सुचेना. तिलाच म्हटलं, काय करूया? तिने कोपऱ्यातल्या घड्या घातलेल्या सतरंज्या मोजून सांगितल्या, मग मला विचारलं, “पाच कवा वाजत्यात?” त्या पाच वाजेपर्यंतच्या वेळाइतका लांब वेळ मी कुठल्या सभेत काढला नव्हता.

आठवड्याभराने तिने गल्लीतली एक मैत्रीण आणली. मग तिने तिची बहीण. दिवाळीपर्यंत सात झाल्या. बैठकीला मी जाईनाशी झाले तेव्हा सोबती म्हणाले, तू सुधारणावादी झालीस. पुढे आणीबाणीत पत्रकंच बंद पडली आणि त्यांनाही दुपारी वेळच वेळ झाला. दोघे जण पाढे घ्यायला येऊ लागले. त्यातल्या एकाला एकोणीसचा पाढा येत नव्हता, पोरींनी त्याला शिकवला.

शिफारसपत्रं मी अजून लिहिते. अर्ध्या पानाच्या पुढे जात नाही. दर एप्रिलात सहासात मुलांच्या घरी जाऊन बसावं लागतं, आईबाप वैतागतात, चहा पाजून पाजून मला उठवायला बघतात. गेल्या तीन वर्षांत आमच्या गल्लीतली चार मुलं त्या शाळेत गेली. पद्मा गेली नाही. तिची वेळ एकदाच होती आणि ती मी घालवली. ह्यावर काकू म्हणतात, “पुरे कर आता ते.” नरसम्मा मात्र असं काही म्हणत नाही, आणि मला तेच बरोबर वाटतं.

पद्मा ह्या वर्षी चौथीत आहे. अजून रोज बाराला येते. आणि रोज तीनच्या सुमाराला तिची आजी, नरसम्माची सासू, दारात उभी राहते. आम्ही तिला अव्वा म्हणतो. कमरेत वाकलेली, पण आवाज खणखणीत.

“रावे पद्मा, रावे,” चल म्हणते.

मी उठून दारात उभी राहते. “अव्वा, पाचला.”

“ए बाई, काल हजार विडी पुरी झाली न्हाय. मुकादम ओरडतो.”

“पाचला, अव्वा.”

मग ती पद्माचा हात बाहेरून पकडते आणि माझ्यासमोर धरते. “हे बघ. बारीक बोट हाय, विडीचं तोंड मिटायला लई चांगलं. हितं बसून बसून जाड होतंय. जाड बोटानं तोंड मिटत न्हाय, म्हाइत हाय का तुला?”

“होऊ दे की जाड.”

अव्वा माझ्याकडे बघते, तेलुगूत मला एक शिवी देते. सुरुवातीला कळायची नाही, आता कळते. मग ती हात सोडते. पद्मा आत जाऊन बसते आणि मी दारातच उभी राहते, अव्वा गल्लीच्या वळणावरून दिसेनाशी होईपर्यंत.